एका हाकेला दोन ओ

हाक मारणे सोपे असते. तिला नेमक्या माणसाने ओ देणे ही मात्र थोडी नशिबाची आणि पुष्कळशी व्यवस्थेची गोष्ट आहे. आमच्या स्टाफरूममध्ये कोणी ‘पाटील सर’ अशी हाक मारली, की तीन माना एकदम वर होतात आणि वर्तमानपत्रात बुडालेली चौथी मान मुद्दाम खालीच राहते. बुलढाणा जिल्ह्यात पाटील-देशमुखांना तोटा नाही. तेव्हा आम्ही आपापसांत एक तोड काढली आहे. एक भूगोलाचे पाटील, एक मेहकरचे पाटील, एक चष्म्याचे पाटील आणि एक नुसतेच पाटील. हे नुसते पाटील वयाने सर्वांत वडील. ज्याच्या नावाला विशेषण लागत नाही तो मोठा माणूस, एवढे ज्ञान मला त्या स्टाफरूमने दिले आहे.

लग्नघरातला प्रसंग याहून बिकट. मांडवात नुसते ‘मामा’ म्हणून ओरडावे, तर दहा-बारा जण उपरणी सावरीत उठतील. म्हणून भटजी तसे करीत नाहीत. ‘मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावे’ असे ते स्वच्छ सांगतात. एकाच माणसाला कोणी काका म्हणतो, कोणी मामा, कोणी भाऊजी. आणि तो बिचारा प्रत्येक हाकेला निराळा होऊन ओ देतो. हाक कोणाची, घर कोणाचे आणि प्रसंग कोणता यावर त्याचे नाते ठरते. आपण हे सारे इतक्या सहजपणे सांभाळीत असतो, की त्यात काही शहाणपण आहे हे आपल्या ध्यानातही येत नाही. माझ्या ते ध्यानात आले ते एका अंध विद्यार्थ्यामुळे आणि आमच्या कॉलेजातल्या एका जुनाट संगणकामुळे.

हा विद्यार्थी जळगाव जामोद तालुक्यातला, म्हणजे आमच्या बोलीत घाटाखालचा. लहानपणीच त्याची दृष्टी गेली. दहावीपर्यंत अंधांच्या निवासी शाळेत तो ब्रेलवर शिकला आणि पुढे मराठी घेऊन बी. ए. करण्यासाठी नांदुरा, मोताळा करीत, राजूर घाट चढून बुलढाण्याला आला. घाट लागला हे त्याला एस. टी.च्या गिअरवरून कळते आणि बुलढाणे आले हे हवेवरून. वर्गात पहिल्या बाकावर बसतो, एकदा ऐकलेले विसरत नाही, आणि शंका विचारल्यावाचून मला तास संपवू देत नाही.

परीक्षेत मात्र त्याची सारी विद्या दुसऱ्याच्या हातून कागदावर उतरायची. तो सांगणार आणि लेखनिक लिहिणार. लेखनिक म्हणून येणारी मुले भली असतात, मनापासून लिहितात. पण त्यांचे ऱ्हस्व-दीर्घ हे त्यांचे असते. सांगणाऱ्याच्या मनात ‘दीन’ असला आणि लिहिणाऱ्याने ‘दिन’ लिहिला, तर मराठीच्या मास्तराने गुण कापायचे कोणाचे? आमच्या वऱ्हाडात पाण्याला ‘पानी’ म्हणतात. तोंडाने ‘पानी’ म्हणणारा हा मुलगा लिहिताना ‘पाणी’ लिहितो की नाही, हे मला कधी कळायचेच नाही. तीन वर्षे मराठी शिकून तो पदवीधर होणार आणि त्याच्या हातचे एक वाक्य मी वाचलेले नसणार! हे मला खुपत होते. त्याला किती खुपत होते ते त्याने एकदा सांगून टाकले. ‘सर, माह्या पेपरात माहं अक्षरच नसते.’

यावर उपाय होता, आणि तो फुकट होता. संगणकाच्या पडद्यावर जे असेल ते मोठ्याने वाचून दाखवणारे प्रोग्रॅम आता आहेत. त्यांना स्क्रीन रीडर म्हणतात. त्यांतला एनव्हीडीए नावाचा प्रोग्रॅम मायकल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने २००६ साली लिहायला घेतला. विकत मिळणारे स्क्रीन रीडर तेव्हा इतके महाग होते, की अंधांपैकी फार थोड्यांना ते परवडत. जेम्स टेह हा त्याचा जोडीदार, तोही अंध. अंध मुलांच्या एका संगीत शिबिरात लहानपणी दोघांची ओळख झालेली. त्यांनी तयार केलेला हा वाचक आज जगभर कोणालाही पैसे न देता वापरता येतो आणि तो मराठीही वाचतो. त्याचा उच्चार पुण्याचा नाही आणि वऱ्हाडाचाही नाही. यंत्राच्या गावची मराठी आहे ती. पण चार दिवस ऐकली की कानाला सवय होते. आमच्या विद्यार्थ्याला ती एका दिवसात झाली.

येथे डोळसांना सहसा न सुचणारी एक गोष्ट सांगितली पाहिजे. संगणकाचा माऊस अंधाच्या काही कामाचा नाही. तो फिरवायचा तर पडद्यावरचा बाण दिसावा लागतो. म्हणून अंध माणूस आपले सगळे काम कीबोर्डाच्या कळांवर करतो. आपणही दोन-तीन कळा एकदम दाबून एखादे काम झटकन उरकतो आणि त्याला शॉर्टकट म्हणतो. नावच सांगते की ती आपली आडवाट आहे. सापडली तर चार पावले वाचली, नाही सापडली तर हमरस्ता आहेच. अंधाला हमरस्ता तोच आणि आडवाटही तीच. ती बंद झाली की तो जागच्या जागी उभा.

आता कीबोर्डावर कळा शंभराच्या आसपास, आणि त्यांच्याकडून करून घ्यायची कामे शेकड्यांनी. तेव्हा एका कळेवर अनेकांचा हक्क येतो आणि मग भांडण लागते. मराठीत ‘कळ’ या शब्दाचे मोठे मौजेचे अर्थ आहेत. यंत्राची कळ दाबतात, पोटात कळ येते आणि दोघांत कळ लावतात. हे तीनही अर्थ एकाच वेळी खरे होताना मी त्या संगणकापुढे बसून पाहिले.

इंग्रजी ‘एच’ची कळ घ्या. इंग्रजी लिहिताना ती ‘एच’ असते. इन्स्क्रिप्ट पद्धतीने मराठी लिहायला लागलो की तीच कळ ‘प’ होते. लिहिण्याच्या नेहमीच्या प्रोग्रॅममध्ये कंट्रोल धरून दाबली तर एक शब्द शोधून त्या जागी दुसरा घालण्याची खिडकी उघडते. ऑल्ट धरून दाबली तर वरच्या पट्टीत नेऊन सोडते. आणि स्क्रीन रीडर लावून इंटरनेटवरचे पान वाचताना ती नुसती दाबली, तर वाचक पुढच्या मथळ्यावर उडी मारतो. म्हणजे तोच माणूस इथे काका, तिथे मामा आणि पलीकडे भाऊजी. जोवर घर कोणाचे हे स्पष्ट आहे, तोवर बिघडत काही नाही. पण एखाद्या पानाने स्वतःच एकेका अक्षराचे शॉर्टकट ठेवले, तर काय होते पाहा. ‘के’ दाबली की पुढच्या दुव्यावर जायचे, हा वाचकाचा नियम. ‘के’ दाबली की दुसरे पत्र समोर आणायचे, हा टपालाच्या पानाचा नियम. हाक एक, आणि ओ द्यायला दोघे तयार. एनव्हीडीएने यावर तोड ठेवली आहे. आपली खास कळ आणि स्पेसची पट्टी एकत्र दाबली, की वाचक बाजूला सरतो आणि कळा थेट पानाच्या हाती जातात. पुन्हा तेच केले की वाचक परत येतो. जुन्या वाड्यात पुरुषमंडळी ओसरीवर आली की बायका माजघरात जात, तसा हा प्रकार; फक्त येथे कोणी कुठे बसायचे ते वापरणारा ठरवतो.

हे सारे सुरळीत शिकून होते आहे असे वाटत असतानाच आमच्याकडे दोन भानगडी झाल्या. पहिली हसण्यासारखी होती.

एका दुपारी कॉलेजच्या संगणक-खोलीचा शिपाई धावत स्टाफरूममध्ये आला आणि म्हणाला, ‘सर, तुमच्या पोराचा कंप्युटर शीर्षासन करून राह्यला!’ जाऊन पाहतो तो खरोखरच संगणकाचा सबंध पडदा उलटा झालेला. अक्षरे डोक्यावर उभी. आणि समोर आमचा विद्यार्थी कानाला हेडफोन लावून शांतपणे काम करतो आहे. शिपायाने मान वाकडी करून, मी कंबरेत वाकून पडदा वाचण्याचा प्रयत्न केला. मी त्याला सांगितले, ‘अरे, पडदा उलटा झाला आहे.’ तो म्हणाला, ‘असं का? आवाज तं सुलटाच हाये, सर.’

झाले होते ते असे. तक्त्यात एका ओळीवरून खालच्या ओळीवर जायचे, तर एनव्हीडीएमध्ये कंट्रोल, ऑल्ट आणि खालचा बाण एकदम दाबतात. तो परीक्षेचे वेळापत्रक वाचत होता. मध्येच तक्ता सोडून बाहेर आला होता, पण त्याला वाटत होते की आपण अजून तक्त्यातच आहोत. त्याने त्या तीन कळा दाबल्या. वाचकाचे त्या ठिकाणी काही काम नव्हते, म्हणून त्याने ती हाक पुढे जाऊ दिली. आणि पुढे, पडद्याची व्यवस्था पाहणारा एक दुसराच प्रोग्रॅम याच तीन कळांची वाट पाहत बसला होता. त्याच्या लेखी तिचा अर्थ ‘पडदा उलटा कर’ असा होता. त्याने इमाने-इतबारे आज्ञा पाळली.

संगणक विभागातल्या आमच्या एका तरुण सहकाऱ्याने वरचा बाण दाबून पडदा सरळ केला, आणि मला त्या आतल्या दरबाराची रीत समजावून सांगितली. कळ दाबली की तिची वर्दी आधी दारावर उभ्या असलेल्या पहारेकऱ्यांकडे जाते. स्क्रीन रीडर हा असा पहारेकरी. पहारेकरी एकाहून अधिक असले, तर जो सर्वांत शेवटी कामावर आला त्याला आधी विचारले जाते. त्याने ती अडवली नाही, तर ज्यांनी त्या कळांवर आपले नाव आधीच नोंदवून ठेवले आहे त्यांची पाळी. येथे मात्र जो आधी आला तो मालक. दुसऱ्याने तीच नोंदणी करायला जावे तर त्याला नकार मिळतो. आणि कोणीच ओ दिली नाही, तर वर्दी समोर उघड्या असलेल्या प्रोग्रॅमकडे जाते. एका दारात शेवटी येणाऱ्याचा मान आणि पुढच्याच दारात आधी येणाऱ्याचा! रेशनच्या रांगेत आणि एस. टी.च्या दारात आपण जे दोन निरनिराळे न्याय पाहतो, ते दोन्ही एकाच यंत्रात नांदत असतात हे ऐकून मला यंत्राबद्दल जरा आपलेपणा वाटू लागला. पडदा फिरवणारे शॉर्टकट त्या संगणकावर कायमचे बंद करून टाकले. त्यांच्यावाचून कोणाचे काही अडले नाही.

दुसरी भानगड हसण्यासारखी नव्हती.

लोकसाहित्याच्या प्रकल्पासाठी त्याने भेंडवळची घटमांडणी हा विषय घेतला होता. भेंडवळ त्याच्याच तालुक्यातले. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी तेथे शेतात घट मांडतात, भोवती धान्ये ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांत काय हलले, काय जागच्या जागी राहिले ते पाहून पावसापाण्याचे भाकीत सांगतात. त्या भाकितावर विश्वास ठेवावा की नाही हा भाग वेगळा. पण वऱ्हाडातला शेतकरी ते ऐकतो खरा. हा मुलगा लहानपणी आजीचे बोट धरून तेथे जात असे. मातीचा वास, पहाटेचा गारवा, लोकांची कुजबूज, आणि भाकीत सुरू झाल्याबरोबर पडणारी शांतता, असे त्याने कानाने आणि नाकाने पाहिलेले भेंडवळ त्याने दोन पानांत लिहिले होते. स्वतःच्या हाताने. मला वाचून दाखवले तेव्हा मी काही बोललो नाही. असे लेखन वर्षाकाठी एखादे वाचायला मिळते.

मग त्याला वाटले की घटातल्या चार ढेकळांचा अर्थ सांगणारे एक वाक्य मध्ये घालावे. चार ढेकळे म्हणजे पावसाळ्याचे चार महिने. त्याने ते घातले, मजकूर जतन केला आणि संगणक बंद केला. दुसऱ्या दिवशी ऐकायला बसला तर आजीचा परिच्छेद अर्धा नाहीसा! नवे वाक्य जसजसे लिहिले गेले, तसतसे एकेक नवे अक्षर पुढचे एकेक जुने अक्षर गिळत गेले होते. डोळसाला हे पहिल्याच शब्दाला दिसले असते. त्याला ते चोवीस तासांनी ऐकू आले.

कारण शोधायला मी त्याच्याशेजारी बसलो. संगणकातले मला फारसे काही कळत नाही, पण ऐकायला येते. तो काम करताना मधूनच ‘टक-टक’ असा जोडीने आवाज येत होता. इन्सर्ट नावाची कळ तो घाईत लागोपाठ दोनदा दाबत होता. एनव्हीडीएची खास कळ ती हीच. ती धरून दुसरी कळ दाबली की ती हाक वाचकाला मारलेली समजायची. पण इन्सर्टचे स्वतःचेही एक जुने काम आहे. नव्या मजकुराने जुन्याला सरकवून जागा करायची की त्याला खाऊन टाकायचे, हे अनेक लिहिण्याच्या प्रोग्रॅममध्ये ती ठरवते. तेही काम कोणाला लागेल, म्हणून वाचकाच्या कर्त्यांनी एक सोय ठेवली: इन्सर्ट झटपट दोनदा दाबली तर ती हाक वाचकाला नव्हे, पलीकडच्याला. हे आपल्या एस. टी.च्या घंटीसारखे आहे. एक घंटी म्हणजे थांबा आणि दोन घंट्या म्हणजे चला. दोरी तीच, घंटी तीच. मधल्या अंतरावर सारा अर्थ. कंडक्टरचा हात घाईत जरा जास्त हलला, की उतरणाऱ्याचा एक पाय रस्त्यावर आणि एक गाडीत.

दोष वाचकाचा नव्हता, कारण त्याने सभ्यपणे हाक पुढे दिली. लिहिण्याच्या प्रोग्रॅमचाही नव्हता, कारण त्याला जे सांगितले ते त्याने केले. बोटांचा तर मुळीच नव्हता. दोन शहाणे नियम एकाच कळेवर एकत्र आले होते, आणि त्यांच्यामध्ये आजी नाहीशी झाली होती.

उपाय शोधताना मला एनव्हीडीएमधली एक युक्ती फार आवडली. खास कळ आणि एकचा आकडा दाबला, की सगळा कीबोर्ड जणू शाळेचा फळा होतो. मग कोणतीही कळ दाबा. ती काम करीत नाही, आपले काम काय ते सांगते. पुन्हा एक दाबला की सगळ्या कळा कामावर रुजू. माणसांच्या बाबतीतही अशी सोय असती तर किती संसार सुखाचे झाले असते! दुसरी युक्ती, खास कळ आणि एफ-दोन. ती दाबली की पुढची एक हाक वाचक ऐकून न ऐकल्यासारखी करतो आणि तशीच पलीकडे सोडतो. आणि तिसरी, सर्वांत महत्त्वाची: कोणत्या कळेने काय व्हावे याची सारी यादीच वाचकाने वापरणाऱ्यापुढे उघडी ठेवली आहे. नको ती कळ काढा, हवी ती लावा. खास कळसुद्धा बदलता येते. इन्सर्टऐवजी कॅप्स लॉक घेता येते.

ही कॅप्स लॉक आमच्या कामाला आली, आणि तिच्याबद्दल मराठीचा माणूस म्हणून मला थोडा अभिमान वाटला. इंग्रजीत ती मोठ्या लिपीची कळ. आपल्या देवनागरीत लहान-मोठे अक्षर हा भेदच नाही. येथे राजाचे नाव आणि रानाचे नाव एकाच मापाच्या ‘र’ने सुरू होते. मराठी लिहिणाऱ्याला ती कळ म्हणजे पेन्शनीत निघालेला गृहस्थ. आम्ही त्याला पुन्हा कामावर घेतले. चुकून दोनदा दाबली गेली तरी फार तर इंग्रजी अक्षरे मोठी होतील. जुने लिहिलेले कोणी खाणार नाही. विद्यार्थ्याने चार दिवसांत बोटांना नवी सवय लावली आणि आजीचा परिच्छेद पुन्हा लिहिला. तो पहिल्यासारखा झाला नाही असे त्याचे म्हणणे आहे. मला तो पहिल्याहून बरा वाटला. पण याबाबतीत त्याचेच म्हणणे खरे धरले पाहिजे.

एका खुणेला दोन अर्थ हे दुखणे अंधांच्या जगात नवीन नाही. ब्रेलमध्ये ‘ब’ हे अक्षर आणि २ हा आकडा यांचे ठिपके एकच असतात. आकड्याच्या आधी अंकाची एक खूण देतात, म्हणजे बोटाला कळते की आता अक्षरे नव्हेत, आकडे येत आहेत. वाचकाची खास कळ ही त्या अंकखुणेचीच धाकटी बहीण. हे एका भाषेपुरते झाले. पण आपल्या देशात पूर्वी निरनिराळ्या भाषांसाठी निरनिराळ्या ब्रेल पद्धती चालत. तेच ठिपके एका ठिकाणी एक अक्षर, दुसऱ्या ठिकाणी दुसरे. शेवटी १९५१ साली बैरूत येथे युनेस्कोच्या पुढाकाराने परिषद भरली आणि भारतीय भाषांसाठी एक समान भारती ब्रेल ठरली. ‘क’ मराठीत असो, बंगालीत असो की तमिळमध्ये, बोटाखाली ठिपके तेच. युनेस्कोच्या या कामाची धुरा वाहणारे सर क्लुथा मॅकेंझी हे न्यूझीलंडचे. १९१५ साली गॅलिपोलीच्या लढाईत त्यांचे डोळे गेले होते. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात दृष्टी गमावलेल्या हिंदी सैनिकांसाठी त्यांनी डेहराडूनला काम केले. म्हणजे ज्याच्या बोटाला हा गोंधळ जाणवत होता, असाच माणूस तो निस्तरायला बसला होता.

मला यात एक सूत्र दिसते. मायकल करनने आपल्यासारख्यांसाठी वाचक लिहिला, तो स्वतः अंध होता म्हणून वापरणाऱ्याच्या हाती सारी यादी देण्याचे त्याला सुचले असावे. त्याही मागे गेले, तर १८०८ च्या सुमारास इटलीत पेलेग्रिनो तुर्री याने कारोलिना फांतोनी या अंध सरदारकन्येसाठी एक लिहिण्याचे यंत्र केले होते, म्हणजे तिला कोणाच्या हातून न लिहविता पत्र पाठवता यावे. ते यंत्र आज उरलेले नाही. तिची त्यावर लिहिलेली काही पत्रे उरली आहेत. टाइपरायटरच्या आद्य यंत्रांपैकी ते एक. आज ज्या कीबोर्डावर अंधांना आपली वाट भांडून मिळवावी लागते, त्याच्या कुळकथेत पहिल्या पानांवर एक अंध बाई बसलेली आहे, हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी लक्षात ठेवायला हरकत नाही.

त्यांना ते हळूहळू कळू लागले आहे. वेबचे जागतिक नियम ठरवणाऱ्या संस्थेने जून २०१८ मध्ये एक कलम घातले. पानावर एकेका अक्षराचे शॉर्टकट ठेवायचे असतील, तर ते बंद करण्याची किंवा बदलण्याची सोय द्या. नाही तर त्या भागावर माणूस येईल तेव्हाच ते चालू द्या. कलम छोटे आहे, पण त्याच्या पोटात मोठी गोष्ट आहे. हाकेला दोघांनी ओ दिली, तर त्या दोघांना भांडू देऊन निकाल लागत नाही. हाक कोणाला होती हे एकटा हाक मारणाराच सांगू शकतो. त्याला विचारले पाहिजे, आणि त्याला ते सांगण्याची सोय ठेवली पाहिजे. मांडवातल्या भटजींना हे केव्हाच ठाऊक होते.

त्याच वर्षी, २०१८ मध्ये, केंद्र सरकारने अपंग परीक्षार्थींसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत उत्तरे लेखनिकाकडून लिहवून घ्यावीत, ब्रेलमध्ये लिहावीत की संगणकावर, हे परीक्षार्थीने निवडावे असे होते. आणि संगणक निवडला तर तो एक दिवस आधी तपासून पाहू द्यावा असेही होते. त्या एका दिवसाची किंमत मला आता कळते. परका संगणक म्हणजे परके घर. कोणती हाक कोणाच्या कानी पडेल याचा नेम नसतो. पेपर सुरू झाल्यावर इन्सर्टने उत्तर खायला सुरुवात केली, तर ते सांगायचे कोणाला आणि सिद्ध करायचे कसे?

गेल्या सत्रातल्या घटक चाचणीला आम्ही हा प्रयोग आपल्या पातळीवर केला. आदल्या दिवशी विद्यार्थी संगणक-खोलीत आला. एनव्हीडीए पेनड्राइव्हवर घेऊन हिंडता येतो. आपण लावलेल्या सगळ्या कळांसकट. त्याने खिशातून तो काढला, जोडला, आणि एकेक कळ विचारून पाहिली. पडदा फिरवणाऱ्या तीन कळा मुद्दाम दाबल्या आणि मला विचारले, ‘सुलटा हाये ना, सर?’ मी म्हटले, ‘आहे.’ दोन्ही तर्जन्या उंचवट्याच्या कळांवर ठेवल्या. इन्स्क्रिप्टमध्ये डाव्या उंचवट्यावर ऱ्हस्व वेलांटी आणि उजव्यावर ‘र’. तेथून सारी बाराखडी बोटांच्या पल्ल्यात.

दुसऱ्या दिवशी त्याने वीस गुणांचा पेपर दीड तासात एकट्याने लिहिला. खोलीत कळांचा आवाज तेवढा होता. छापून आलेली तीन पाने मी इतरांच्या गठ्ठ्यात घातली आणि रात्री त्यांच्याबरोबरच तपासली. उत्तरे चांगली होती. एका ठिकाणी ‘कवि’ ऱ्हस्व होता, आणि शेवटच्या उत्तरात, घाईत असावा बहुधा, चक्क ‘पानी’ लिहिले होते. मी दोन्ही शब्दांना लाल गोल केला आणि अर्धा गुण कापला.

लाल गोल त्याला दिसणार नव्हते, म्हणून स्टाफरूममध्ये बोलावून वाचून दाखवले. तो क्षणभर गप्प राहिला.

‘म्हंजे सर, थ्या दोन्ही चुका माह्याच?’

‘तुझ्याच. दुसरे कोण होते तिथे?’

‘मंग राहू द्या कापलेलं,’ तो म्हणाला, आणि ती पाने नीट घडी करून त्याने खिशात ठेवली. संध्याकाळच्या गाडीने तो गावी जाणार होता. घरी दाखवायला नेतो म्हणाला.